लॅक्रॉस टीमचा रोस्टर वाचायचा कसा? आधी पैसे बघा!

नमस्कार मंडळी! आजचा विषय जरा हटके, लॅक्रॉस. काठीच्या टोकाला जाळी, त्यात बॉल झेलायचा नि फेकायचा, तोच तो खेळ. आपला काय संबंध म्हणाल तर ऑक्टोबर २०२३ मधे ऑलिम्पिक कमिटीची बैठक आपल्या मुंबईत झाली ना, तिथे २०२८ च्या लॉस एंजेलिससाठी क्रिकेट घेतलं, त्याच यादीत लॅक्रॉसपण होता, आपण क्रिकेटच्या नादात पुढचं वाचलंच नाही.

तर अमेरिकेत हा खेळ टिकलाय कॉलेजांच्या जिवावर. हा बघा, एका टीमचा रोस्टर, म्हणजे खेळाडूंची यादी, प्रिंट मारून आणलाय. नंबर, नाव, पोझिशन, उंची, वजन, गाव, शाळा. मैदानात एका वेळी पोरं दहा आणि कागदावर पन्नासच्या घरात! मग बाकीचे काय पाणी द्यायला? तसं नाहीये. हा बघा, ह्याच्यापुढे ‘एफओ’ लिहिलंय, म्हणजे हा गडी फक्त फेसऑफ घेतो (खेळ सुरू करताना बॉलसाठी दोघांत होते ती झटापट), बॉल मिळवून दिला की पळत बाहेर, संपली ड्युटी. हा ‘एलएसएम’, लांब काठीवाला मिडफिल्डर.

आता पैसा. डिव्हिजन वन, म्हणजे कॉलेज खेळांचा सगळ्यात वरचा गट, त्यात पुरुषांच्या टीमला वर्षानुवर्षं १२.६ स्कॉलरशिपची लिमिट होती. पॉइंट सहा म्हणजे काय, पोराचा पाय? अहो, ती फोडून वाटता यायची, ह्याला अर्धी, त्याला पाव. ४८ जणांत सारखी वाटली तर प्रत्येकी जेमतेम २६ टक्के, बाकीची फी आईबापांच्या खिशातून. म्हणून लॅक्रॉसमधे फुल स्कॉलरशिप मिळाली असं कुणी सांगितलं की मला आधी शंकाच यायची.

जून २०२५ मधे कोर्टाने हाऊस सेटलमेंट (हाऊस नावाच्या खेळाडूने कॉलेज खेळांच्या संघटनेवर केलेल्या खटल्यातली तडजोड) मंजूर केली आणि गणित उलटं झालं. जी कॉलेजं त्यात आली त्यांच्यासाठी स्कॉलरशिपची लिमिट गेली, त्याऐवजी रोस्टरलाच लिमिट लागली, पुरुष ४८, महिला ३८. आयव्ही लीगवाले, म्हणजे हार्वर्ड, येल वगैरे आठ नामांकित कॉलेजं, त्यात गेलेच नाहीत, ते खेळासाठी स्कॉलरशिप देतच नाहीत, आणि गंमत म्हणजे २०२५ चं टायटल त्यांच्यातल्याच कॉर्नेलने मारलं, मेरीलँडला १३-१० हरवून, १९७७ नंतर पहिल्यांदा!

कोचचंही तसंच. हेड कोच, असिस्टंट आणि एक व्हॉलंटिअर कोच असायचा, कॉलेजचा पगार शून्य, काम मात्र सगळं. जुलै २०२३ पासून ते बिनपगारी पद काढून टाकलं, उशिरा का होईना.

आता डिव्हिजन थ्री, म्हणजे तिसरा गट बघा. तिथे खेळासाठी स्कॉलरशिप नाहीच, त्यामुळे छोट्या खासगी कॉलेजला रोस्टर जितका लांब तितका बरा, कारण प्रत्येक पोरगा फी भरणारा विद्यार्थी. बेंचवर बसून सीझन काढला तरी फी येतेच की!

शेवटचं. खेळाचा जमाखर्च कॉलेजांना दरवर्षी सरकारला द्यावा लागतो, कुणीही ऑनलाइन बघू शकतं. लॅक्रॉसच्या ओळीत बऱ्याच ठिकाणी जमा आणि खर्च अगदी डॉलरपर्यंत सारखा दिसतो. मला आधी वाटलं टायपिंगची चूक आहे. नाही हो, खड्डा कॉलेजच भरतं आणि ती रक्कमही जमेतच धरतात.