भिवंडी: बैठक गल्लीत आली तेव्हा

(दृश्य: अरुंद गल्ली. दोन्ही बाजूंनी यंत्रमागांचा आवाज.)

हा खडखडाट ऐका. पाहुणा आला तर या आवाजानं त्याचा रात्रभर डोळा लागत नाही. भिवंडीकराची झोप मात्र आवाज थांबला की उडते. माग बंद पडले म्हणजे एक तर वीज गेली, नाहीतर गावात काहीतरी पेटलं.

आणि पेटलं होतं. मे 1970 मध्ये, शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून हिंदू-मुसलमान दंगल झाली. पुन्हा मे 1984 मध्ये. तेव्हा ती आग ठाण्या-मुंबईपर्यंत गेली. खरं तर सूत आणणारा, माग चालवणारा आणि कापड विकणारा, यांचं एकमेकांवाचून पानही हलत नाही. पण ती ओळख धंद्यापुरती. संध्याकाळी जो तो आपल्या मोहल्ल्यात.

1988 मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून इथे आले. शांतता समित्या तेव्हाही होत्या, आजही गावोगावी असतात. सण जवळ आला की पुढारी आणि प्रतिष्ठित मंडळी पोलीस ठाण्यात जमणार, चहा होणार, ऐक्याची भाषणं होणार. गल्लीतल्या माणसाला त्याचा पत्ताही नसायचा.

खोपडे यांनी ती बैठक पोलीस ठाण्यातून उचलली आणि गल्लीत नेली.

(दृश्य: ओट्यावर बसलेली माणसं. शेजारी खुर्ची टाकून बसलेला पोलीस.)

प्रत्येक मोहल्ल्याची आपली समिती. हिंदू आणि मुसलमान एकत्र, सगळे तिथलेच रहिवासी. गुन्ह्यांची नोंद असलेल्यांना जागा नाही. सोबत त्या भागाचा पोलीस. बोलायचं काय? दंगलीबद्दल रोज कोण बोलणार! निघायचं ते शेजारपाजारचं भांडण, रोजची कुरबूर. वरवर क्षुल्लक वाटणारं हे काम, पण त्यातूनच पोलिसाला माणसं नावानिशी कळू लागली. आणि लोकांना खाकीतला एक चेहरा असा मिळाला, की ज्याला रात्री-अपरात्री विचारता येईल, ‘साहेब, कानावर आलंय ते खरं का?’ अफवेला उत्तर द्यायचं तर ते पहिल्या तासात. ऐन दंगलीत समिती नेमून काय उपयोग?

6 डिसेंबर 1992. अयोध्येत बाबरी मशीद पडली आणि मुंबई पेटली. डिसेंबर आणि जानेवारी मिळून तिथे 900 माणसं गेली. ठाण्याच्या पलीकडची भिवंडी, जिच्याकडे सगळे धास्तीनं पाहत होते, ती शांत राहिली.

पुढे मुंबईतही मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या. माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो, सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे आणि तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी त्यामागे होते. वस्त्यांतली पोरं आणि पोलीस यांचे क्रिकेटचे सामनेसुद्धा झाले.

पण हे काम टिकवणं महाकठीण. अधिकाऱ्याची बदली होते, बीटचा हवालदार बदलतो, नव्या माणसाला पुन्हा पहिल्या घरापासून सुरुवात करावी लागते. आणि वरिष्ठांना दाखवणार काय? न झालेल्या दंगलीचा पंचनामा होत नाही.

(दृश्य: क्वार्टर गेटचा परिसर. माग दुरून ऐकू येतात.)

जुलै 2006. याच भिवंडीत जमाव आणि पोलीस समोरासमोर आले. गोळीबारात दोघं गेले. त्याच रात्री जमावानं दोन पोलीस शिपायांचा जीव घेतला.

कब्रस्तानालगतच्या जागेवर एक बांधकाम सुरू होतं, वाद त्यावरून होता. बांधत होते पोलीस ठाणं.