चित्र.००१

[नारायण पेठ. वाड्याचा अरुंद जिना, वरची खोली.]

या खोलीत डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावायचं काम चालायचं. लग्नपत्रिका, स्मरणिका आणि पावसाळा सरला की दिवाळी अंक. ओलाव्यानं फुगलेलं कपाटाचं दार काकांना दोनदा ओढावं लागतं. आत फ्लॉप्यांचे गठ्ठे. त्यांना बांधलेली रबरं हात लावताच तुटतात.

[लेबल, निळ्या शाईत: 'दि. अंक ९६, आतली चित्रं'.]

साडेतीन इंची फ्लॉपी, १.४४ मेगाबाइट. कथांसोबतची रेखाचित्रं स्कॅन करून यात ठेवलेली. डॉस या जुन्या संगणक-प्रणालीच्या काळात फाइलच्या नावाला आठ अक्षरं आणि टिंबानंतर तीन. ती तीन अक्षरं फाइलचा प्रकार सांगण्यासाठी असतात, पण काकांनी तिथे चित्राचा क्रमांक घातला. चित्र.००१, चित्र.००२. "मला माहीत होतं ना काय आहे ते," काका म्हणतात. बरोबरच आहे. ते रोज त्याच टेबलावर बसत होते.

आम्हाला ही चित्रं वेबसाइटवर ठेवायची आहेत. सर्व्हर प्रत्येक फाइलबरोबर तिच्या प्रकाराची एक चिठ्ठी पाठवतो. तो माइम टाइप. उदाहरणार्थ, इमेज/जीआयएफ. ही चिठ्ठी बहुतेक वेळा नावाच्या शेपटीवरून लिहिली जाते. '००१' बघून तो लिहिणार काय? फार तर अ‍ॅप्लिकेशन/ऑक्टेट-स्ट्रीम, म्हणजे नुसते बाइट. तसं लिहिलेलं चित्र कुणी चित्र म्हणून शोधायला जाणार नाही.

[पडदा. हेक्स एडिटर, म्हणजे फाइलचे बाइट जसेच्या तसे दाखवणारा प्रोग्रॅम. आकड्यांच्या रांगा.]

म्हणून नाव सोडायचं आणि फाइलच्या आत बघायचं. उजवीकडच्या रकान्यात पहिली दोन अक्षरं बघा: आय, आय. त्यामागे ४२ हा आकडा. ही टिफ प्रकारची चित्रफाइल आहे. 'आय आय' म्हणजे इंटेलच्या पद्धतीनं, आकड्याचा कमी किमतीचा बाइट आधी. मोटोरोलाच्या पद्धतीनं लिहिलेली असती, तर 'एम एम' दिसलं असतं. टिफ १९८६ मध्ये आल्डस कंपनीनं आणली. पेजमेकर त्याच आल्डसचा, आणि काकांची सगळी पानं पेजमेकरमध्ये लागली. हिची चिठ्ठी: इमेज/टिफ.

दुसरी फाइल 'बी एम'नं सुरू होते. ही विंडोजची बीएमपी. तिसरीत 'जीआयएफ८९ए' हे सरळ वाचता येतं. चौथीचा पहिला बाइट १०, ही बहुधा पीसीएक्स, चित्रांचा आणखी एक जुना प्रकार. एकाच बाइटवर विसंबू नये, म्हणून पुढचे बाइटही ताडून पाहिले. ट्रूव्हिजन कंपनीच्या टीजीए या प्रकाराला तर सुरुवातीला ओळखीची खूणच नाही. १९८९ च्या सुधारित आवृत्तीत ती फाइलच्या शेवटी आली.

ही चिठ्ठी मुळात ईमेलसाठी होती. नॅथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी जून १९९२ मध्ये माइमचा मसुदा मांडला, तेव्हा त्यात चित्रांचे दोनच प्रकार होते: जीआयएफ आणि जेपेग. बाकीच्यांनी आपापली नावं पाडली. बीएमपीला कुणी इमेज/एक्स-बीएमपी म्हणे, कुणी इमेज/एक्स-एमएस-बीएमपी. 'एक्स' म्हणजे नोंद न झालेलं नाव. हा 'एक्स' नव्या नावांना लावू नका, असं २०१२ मध्ये ठरलं. इमेज/बीएमपीची रीतसर नोंद व्हायला २०१६ उजाडलं. तोवर घरोघरच्या संगणकांत बीएमपी वर्षानुवर्षं नांदत होती! जुन्या संग्रहात म्हणूनच ही तिन्ही नावं भेटतात. तिन्ही ओळखावीत, लिहिताना नोंदलेलं लिहावं.

[सीडी. लेबल: 'कव्हर ९९'.]

चिठ्ठी बरोबर असली तरी क्रोम आणि फायरफॉक्स टिफ दाखवत नाहीत. त्यासाठी पीएनजी या ब्राउझरला दाखवता येणाऱ्या प्रकारात प्रत काढावी लागते. पण मूळ टिफ फेकू नका, ही आमची हात जोडून विनंती. मुखपृष्ठ छपाईच्या चार रंगांत आहे आणि पीएनजीत ते चार रंग बसत नाहीत.

निम्म्याहून जास्त फ्लॉप्या वाचल्याच गेल्या नाहीत.

[पडद्यावर पहिलं रेखाचित्र उघडतं. काका खुर्ची पुढे ओढतात. इथे निवेदन नाही; पंख्याचा आवाज तसाच ठेवावा.]

चित्र.००१. इमेज/टिफ.