शाल कुणाच्या खांद्यावर

नमस्कार श्रोतेहो,

आपल्या सांगलीत सत्कार फार होतात. निवृत्त मास्तरांचा, मैदान मारलेल्या पैलवानाचा, हळदीचा चांगला उतारा काढणाऱ्या शेतकऱ्याचा. शाल, श्रीफळ, फेटा. व्हायलाच हवेत. मी स्वतः तीस वर्षं शाळेत शिकवलं, हार घातले आणि घेतलेही. पण समलिंगी किंवा तृतीयपंथी माणसाला, तो तसा आहे हे माहीत असून, त्याच्या कामासाठी शाल पांघरलेली मी आपल्याकडं पाहिली नाही. म्हणून आज काही नावं या माइकवरून घ्यायची आहेत.

पहिलं नाव सातारा जिल्ह्यातलं, आर्या पुजारी. पोलीस भरतीचा अर्ज भरायला गेल्या, तर रकाने दोनच. पुरुष आणि स्त्री. मग त्या महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे मॅटमध्ये गेल्या. आदेश त्यांच्या बाजूनं लागला, तर सरकार उच्च न्यायालयात गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये तिथंही सरकारला माघार घ्यावी लागली. अर्जात तिसरा पर्याय आला, शारीरिक चाचणीचे निकष ठरवणं भाग पडलं. सर्वोच्च न्यायालयानं तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली ती एप्रिल २०१४ मध्ये. आठ वर्षं तो निकाल भरतीच्या अर्जापर्यंत पोचलाच नव्हता. तो पोचवला आर्या आणि त्यांच्यासारख्याच मॅटमध्ये लढलेल्या निकिता मुख्यदल यांनी. आज राज्यातल्या कुठल्याही कोपऱ्यातल्या उमेदवाराला त्याचा उपयोग आहे. याला समाजकार्य नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

दुसरं काम इथलंच. देहविक्रय करणारे पुरुष आणि तृतीयपंथी यांनी सांगलीत ‘मुस्कान’ नावानं संघटना बांधली. एड्सच्या भीतीनं माणसं एकमेकांना शिवत नव्हती, ते दिवस आठवा. आपल्या माणसांना आजाराची माहिती द्यायची, सोबत दवाखान्यात जायचं, पोलीस चौकीत उभं राहायचं, हे काम अशा संघटनांमधल्या माणसांनीच अंगावर घेतलं. त्यात आपल्या सगळ्यांचंच आरोग्य राखलं गेलं, हे आपण कधी मोजलंच नाही.

शेजारच्या माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावानं २०१७ साली तृतीयपंथी सरपंच निवडून दिला. तृतीयपंथी कार्यकर्त्या गौरी सावंत २०१९ च्या निवडणुकीत राज्याच्या मतदारदूत होत्या. आणि पुण्याचे बिंदुमाधव खिरे. त्यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट काढला आणि लैंगिकतेवर साध्या मराठीत लिहिलं. मला हे काम फार मोलाचं वाटतं. आपल्या भाषेत या विषयाला तोवर बहुतेक शिव्याच होत्या. घरात आईशी बोलायचं तर पोरानं कुठला शब्द वापरायचा?

जतला यल्लमाच्या यात्रेत देवीला वाहिलेल्या, साडी नेसलेल्या जोगत्याच्या डोक्यावरच्या देवीच्या ‘जगा’ला आपण वाकून नमस्कार करतो, भंडारा लावून घेतो. तोच जोगता भाड्यानं खोली मागायला आला की दार लावून घेतो. यात्रेपुरता मान हा मान नव्हे.

तेव्हा पुढच्या वेळी मंडळाच्या, ग्रामपंचायतीच्या बैठकीत सत्कारमूर्तींची यादी कराल, त्यात ही माणसं घ्या. पत्रिकेवर त्यांनी स्वतः घेतलेलं नाव छापा. मात्र आधी त्यांना विचारा. ज्याला आपली ओळख उघड करायची नाही, त्याचं नाव कौतुकानंसुद्धा जाहीर करू नका.

एक सांगायचं राहिलं. माझ्या वर्गात एक मुलगा होता. चालण्यावरून, बोलण्यावरून पोरं त्याला चिडवायची. मी ऐकायचो आणि फळ्याकडं वळायचो. नववीत त्यानं शाळा सोडली. बाळा, तू कुठं हे ऐकत असशील तर ऐक. तुझं अक्षर सगळ्या वर्गात सुंदर होतं. हे तेव्हा सगळ्यांसमोर म्हणायला हवं होतं, मी म्हटलं नाही.

नमस्कार.