तेरा खाचांची शिंदी

(पहाट. धुक्यातला फलाट. कॅमेरा हळूहळू पिवळ्या पाटीवर येतो.)

पाटीवर नाव आहे सिंदी. नागपूर-वर्धा मार्गावरचं हे लहानसं स्टेशन. शिंदीच्या झाडाला इकडच्या बोलीत सिंदीच म्हणतात, म्हणजे गावाच्या नावातच झाड आहे. जानेवारीतला रविवार, अंगात हुडहुडी भरवणारा गारठा. गाडीतून अकरा जण उतरतात. बँकेतून निवृत्त झालेले एक काका, दोन शिक्षक, एक औषध दुकानदार, कॉलेजात जाणारी एक मुलगी. प्रत्येकाच्या पिशवीत बियांच्या पुड्या. ही आमची पामवेडी मंडळी. वर्षातून दोनदा एकमेकांच्या बागा बघायला आम्ही असे बाहेर पडतो.

पाम म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढं हॉलमधली कुंडी येते. पण ताड, माड, सुपारी, खजूर, शिंदी ही सगळी याच कुळातली. जगभरात सुमारे २६०० जाती. लिनियसनं या कुळाला वनस्पतींमधल्या राजपुत्रांचा मान दिला होता.

(सेलू तालुक्यातला एक मळा. संत्र्याच्या ओळी, बांधावर पंख्यासारख्या पानांची झाडं.)

पहिली बाग एका संत्रा बागायतदाराची. बांधावर वॉशिंगटोनिया, विहिरीपाशी चंदेरी निळ्या पानांची बिस्मार्किया. एक कॅलिफोर्निया-मेक्सिकोच्या वाळवंटातली, दुसरी मादागास्करची. आपला वैशाख, पारा पंचेचाळीसच्या पुढं, पण दोघी खुशाल उभ्या. त्याच विहिरीवरच्या माडाची मात्र शेंडे करपून दैना झालेली. त्याला समुद्राची दमट हवा हवी, ती इथं कुठून आणायची?

"पह्यले तं पोरं हासत होते," दादा सांगतात. "म्हणे, बाबा, याले का संत्रं लागणार हायेत? आता तेच मोबाइलवर फोटो काढून राह्यले."

दादांचं सगळ्यात मोलाचं शिक्षण काळ्या मातीचं आहे. कपाशीची ही जमीन पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि पाणी धरून ठेवते. त्यांची पहिली चार रोपं पाणी साचून मुळं कुजल्यामुळं गेली. आता ते खड्ड्यात मुरूम आणि वाळू घालतात आणि रोप उंचवट्यावर लावतात. मुलगी वहीत लिहून घेते. मग विचारते, "काका, तीन वर्षं झाली, माझं रोप वाढतच नाही. मेलं का?"

मेलेलं नाही. पाम आधी बूड भरतो. आंब्या-लिंबाचं खोड दरवर्षी जाड होत जातं, कारण सालीखाली पेशी वाढवणारा एक थर असतो. पामला तो थरच नाही. म्हणून हे झाड पहिली काही वर्षं जमिनीशीच रुंदी कमावतं, आणि मग वर निघतं. वाढीचा कोंब एकच, अगदी शेंड्यात. गेंड्या भुंग्यानं तो पोखरला, की बहुतेक जातींचा खेळ तिथंच संपतो. आणि खोडाला झालेली जखम भरून येत नाही. एवढं लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

(जुना मालगुजारी वाडा. फाटकाच्या दोन्ही बाजूंना पांढरट, गुळगुळीत खोडं.)

वाडा पडीक झालाय, फाटकावरचे पाम मात्र ताठ आहेत. गावात त्यांना बॉटल पाम म्हणतात. तो खरा रॉयल पाम, क्युबाचा राष्ट्रीय वृक्ष. खरा बॉटल पाम बुटका, बाटलीसारखा फुगलेला, मॉरिशसजवळच्या राउंड बेटावरचा. माणसानं सोडलेल्या शेळ्या आणि सशांनी तिथली कोवळी रोपं फस्त केली, आणि एक वेळ अशी आली की रानातली झाडं हाताच्या बोटांवर मोजावीत. जगभरच्या बागांत आज तो भरपूर आहे. नावांचा घोळ इथंच थांबत नाही. नर्सरीत अरेका म्हणून मिळतो तो मादागास्करचा, खरी अरेका म्हणजे आपली सुपारी. आणि सायकस तर पामच नव्हे.

(आंब्याखाली सतरंजी. भाकर, वांग्याचं भरीत, उकडलेल्या तुरीच्या शेंगा.)

जेवताना गप्पा दक्षिणेकडं सरकतात. आमच्यातले एक सर नोकरीत असताना भामरागड आणि सिरोंचा भागात राहिलेत. माडिया लोकांच्या गोरग्याबद्दल ते बोलू लागले की भाकर हातातच राहते. गोरगा म्हणजे भेरली माड. पानं माशाच्या शेपटीसारखी, फुलांचे झुपके घोड्याच्या आयाळीसारखे लोंबते. पहिला झुपका शेंड्याशी येतो, मग त्याच्याखाली, मग आणखी खाली. शेवटचा झुपका बुडाकडं पोचला, फळं धरली, की झाड मरतं. सिरोंच्यात ताडांचं राज्य. ताडाचं बी रुजताना कोंब आधी खोल जमिनीत शिरतो, आणि तो पिठूळ मोड उकडून खातात. शिंदीचं बीही असंच आधी खाली जातं. म्हणून उथळ कुंडीत या दोघांना लावणं म्हणजे त्यांचा गळा दाबणंच.

(सेवाग्राम आश्रम. मातीची भिंत.)

३० एप्रिल १९३६ ला गांधीजी इथं राहायला आले तेव्हा हे गाव शेगाव होतं. गजानन महाराजांच्या शेगावशी टपालाचा गोंधळ व्हायचा, म्हणून १९४० मध्ये नाव बदलून सेवाग्राम झालं. बापू कुटीच्या मातीच्या भिंतीवर मीराबेननी उठावात झाडं काढली आहेत, ताडकुळातली. आम्ही अकरा जण त्या भिंतीसमोर बराच वेळ उभे राहतो. ज्या बाईंना सारं जग चितारता आलं असतं, त्यांना भिंतीवर ठेवावंसं वाटलं ते हे बांधावरचं झाड.

त्यामागं कामही होतं. १९३४ साली वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ उभा राहिला. शिंदी-ताडाची नीरा आणि तिचा गूळ हा त्याच्या कामाचा भाग होता. ऊस पाणी पितो, चांगली जमीन अडवतो. शिंदी नाल्याकाठी आपोआप उगवते. नीरा सूर्य वर यायच्या आत उतरवायची. मडक्याला आतून चुना लावायचा, नाहीतर हवेतलं यीस्ट काम सुरू करतं, आणि दुपारपर्यंत तिची ताडी होते.

(उतरतं ऊन. नाल्याचा काठ. शिंदीची रांग, पात्यांना सुगरणीची जुनी, रिकामी घरटी.)

आता ज्या बागेत आलो, तिला कुंपण नाही, माळी नाही. यादीत ही जागा मी हट्टानं घातली. सकाळपासून आम्ही मादागास्कर आणि क्युबाच्या झाडांचं कौतुक केलं, ते करायलाच हवं. पण विदर्भाचं ऊन, काळी माती, पावसाळ्यात चार दिवस साचणारं पाणी हे सगळं सोसून, कुणी न लावता वाढणारा पाम हा आहे. याच्या पात्यांच्या केरसुणीला आपण दिवाळीत लक्ष्मी म्हणून हळदकुंकू वाहतो, आणि झाड तोडायला घेतलं की कुणी मागं वळून बघत नाही. नाला खोल करायला मशीन येतं, काठावरचं सगळं एका दिवसात निघून जातं. या रांगेत आधी दुप्पट झाडं होती, हे पलीकडच्या उपटलेल्या बुडख्यांवरून दिसतं. मला याचं फार वाईट वाटतं.

काठावर बकऱ्या चारणारे एक आजोबा आमच्यापाशी येतात. सत्तरी ओलांडलेली असावी.

"काय पाहून राह्यले जी?"

"झाडं पाहतोय आजोबा."

"सिंदी?" त्यांचा विश्वास बसत नाही. मग काठीनं एका झाडाकडं दाखवतात. "मंग हे पाहा."

(कॅमेरा खोडावरून वर सरकतो.)

खोडावर खाचा आहेत. एक डावीकडं, तिच्यावर हातभर अंतरानं एक उजवीकडं, पुन्हा डावीकडं. ताडाची नीरा फुलोऱ्यातून काढतात, शिंदीची खोड तासून, शेंड्याच्या लगेच खाली. एका वर्षी एका बाजूनं, पुढच्या वर्षी दुसऱ्या बाजूनं, म्हणजे झाडाला उसंत मिळते. एक खाच म्हणजे एक हिवाळा. मुलगी मोजते. डावीकडं सात, उजवीकडं सहा. तेरा हिवाळे.

"माह्या बुढ्यानं पाडल्या ह्या. पहाटे चढे तो. मी खाली मडकं घेऊन उभा राहो, थंडीनं दात वाजत. मंग दारूबंदी आली, झंझट नको म्हणून त्यानं सोडून देल्लं."

तेराव्या खाचेच्या वर खोड सलग आहे, पार शेंड्यापर्यंत. तेवढी वर्षं या झाडाकडून कुणी काही मागितलेलं नाही.

आजोबा सर्वांत खालच्या खाचेवर हात ठेवतात. आत बोटं बसतील एवढी खोल. कडा काळ्या, गुळगुळीत झालेल्या. पाम वाढतो तो फक्त शेंड्याकडं, खोडावरची जागा तसूभरही हलत नाही. बापानं कोयत्यानं जिथं ती पाडली, तिथंच ती आहे.

"तवा हे माह्या डोक्याच्या वर होती," ते म्हणतात.

आता ती त्यांच्या छातीशी आहे.

(हात खाचेवर. मागं बकऱ्यांच्या घंटा. चित्र तसंच राहतं.)