काटा हलत नाही तेव्हा

नमस्कार श्रोतेहो.

महिनाभर रोज पहाटे उठून चालायचं, घाम गाळायचा आणि महिनाअखेरीला मोठ्या आशेनं वजनकाट्यावर उभं राहायचं. काटा जिथल्या तिथे. फार तर अर्धा-एक किलो खाली. हा अनुभव तुमच्यापैकी अनेकांनी घेतला असेल. पुढे काय होतं तेही ठाऊक आहे. नव्याचे नऊ दिवस संपतात, बूट कोपऱ्यात जातात आणि 'माझ्या अंगाला व्यायाम लागतच नाही' असा निकाल लागतो. आज मला या निकालाविरुद्ध अपील करायचं आहे.

आधी थोडा हिशेब. पाठ करू नका, नुसता ऐका. एक किलो चरबीत साधारण 7700 कॅलरी साठवलेल्या असतात. सत्तर किलो वजनाचा माणूस एक किलोमीटर चालला, तर खर्च होतात जेमतेम पन्नास. म्हणजे एक किलो चरबी नुसत्या चालण्यानं घालवायची, तर दीडशे किलोमीटर पायपीट झाली. आता दुसरी बाजू बघा. स्वयंपाकात एक मोठा चमचा तेल जास्त पडलं, की 120 कॅलरी आत गेल्या. ते तेल ओतायला दोन सेकंद लागतात, आणि फेडायला अर्धा तास चालावं लागतं. उधारी आणि परतफेड यांच्यात इतकं अंतर असेल तर काटा हलणार कसा?

त्यात आपलं शरीर मोठं हिशेबी आहे. दिवसभरात जी ऊर्जा आपण खर्च करतो, तिचा साठ-सत्तर टक्के भाग नुसतं जिवंत राहण्यात जातो. हृदय, मेंदू, यकृत, मूत्रपिंडं ही मंडळी आपण झोपलो तरी कामावर असतात. दहाएक टक्के अन्न पचवण्यात जातात. उरलेल्यात आपलं सगळं हलणं-फिरणं, आणि त्यातला एक तुकडा म्हणजे आपला व्यायाम.

टांझानियात हाद्झा नावाचे लोक आहेत. शिकार करून आणि कंदमुळं खणून जगणारे. हर्मन पाँट्झर या मानववंशशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्यांचा रोजचा ऊर्जाखर्च मोजला. त्यासाठी पाणी प्यायला दिलं, पण त्या पाण्यातले हायड्रोजन आणि ऑक्सिजन खुणेचे होते. ते शरीरातून किती वेगानं बाहेर पडतात, यावरून खर्च कळतो. अपेक्षा अशी होती, की रोज मैलोन् मैल चालणारे हे लोक खुर्चीत बसणाऱ्या शहरी माणसापेक्षा कितीतरी जास्त ऊर्जा जाळत असणार. 2012 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला, आणि शरीराच्या आकारमानाचा फरक वजा केल्यावर दोघांचा खर्च जवळपास सारखा निघाला! चालण्यात जास्त गेलं, की शरीर दुसरीकडे कुठेतरी काटकसर करतं. ही काटकसर नेमकी किती, यावर अभ्यासकांचे वाद चालू आहेत. पण आपल्या घरीही तिचं एक रूप दिसतं. सकाळी तासभर व्यायाम झाला, की दिवसभर आपण सोफ्यावरून उठत नाही. आणि 'आज व्यायाम झालाय' म्हणून ताटात एक वाढीव घास येतो, तो वेगळाच.

तेव्हा वजन उतरवायचं मुख्य काम आहाराचं. इथे मी कॅलरी मोजायला सांगणार नाही. कारण आयुष्यभर मोजत बसणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. त्यापेक्षा 2019 साली अमेरिकेत झालेला एक प्रयोग ऐका. वीस जणांना एका संस्थेत ठेवून दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं, पाकीटबंद पद्धतीचं अन्न दिलं, आणि दोन आठवडे साधं, घरी रांधल्यासारखं. समोर मांडलेल्या दोन्ही जेवणांत कॅलरी, साखर, स्निग्धांश, चोथा, मीठ सारखंच. किती खायचं ते ज्याच्या त्याच्या मर्जीवर. पाकिटातल्या अन्नाच्या वेळी माणसं दिवसाला सुमारे 500 कॅलरी जास्त खाऊन गेली, आणि दोन आठवड्यांत जवळजवळ एक किलो वाढली. साध्या अन्नावर तेवढीच उतरली. कुणी कुणाला 'कमी खा' म्हटलं नव्हतं. पाकिटातलं अन्न मऊ असतं, भराभर गिळलं जातं, आणि पोट भरल्याचा निरोप पोहोचेपर्यंत ताट रिकामं झालेलं असतं.

एक सावधगिरी इथेच सांगतो. आहार कमी केला, की पहिल्या आठवड्यात दोन-दोन किलो उतरतात आणि माणूस हरखून जातो. ती चरबी नसते. यकृतात आणि स्नायूंत साखरेचा जो साठा असतो, त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरलेलं असतं. साठा संपला, पाणी गेलं. सणाच्या जेवणानंतर ते परत येतं, तेव्हा घाबरायचंही कारण नाही.

मग व्यायाम कशाला, असं आता तुम्ही विचाराल. खरी गंमत इथून पुढे आहे.

अमेरिकेत एका टीव्ही स्पर्धेत खूप जाड माणसं तीस आठवड्यांत झपाट्यानं वजन घटवत. संशोधकांनी त्यातल्या चौदा जणांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. बहुतेकांचं 'ये रे माझ्या मागल्या' झालेलं होतं. त्यांची शरीरं विश्रांतीच्या वेळी अपेक्षेपेक्षा रोज सुमारे 500 कॅलरी कमी खर्च करत होती. दुष्काळ पाहिलेल्या घरानं पुढे सुगीतही हात आखडावा, तसं. पण मला महत्त्वाचं वाटलं ते असं : स्पर्धेच्या काळात कुणाचं वजन जास्त उतरलं, ते कुणी खाणं किती कमी केलं यावर ठरलं, व्यायामावर नाही. सहा वर्षांनंतर चित्र उलटं. उतरलेलं वजन ज्यांनी राखलं, ते शरीराची हालचाल टिकवून असलेले लोक होते.

वजन उतरवून वर्षानुवर्षं राखणाऱ्या माणसांची एक मोठी नोंदवही अमेरिकेत 1994 पासून ठेवली जाते. तिच्यातही दहातले नऊ जण रोज सरासरी तासभर व्यायाम करतात. उतरवणं आणि राखणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि आपण राखणदाराला उतरवायला लावतो. मग तो नापास होतो, आणि आपण त्याला कामावरून काढून टाकतो.

शिवाय नुसतं खाणं कमी करून वजन घटवलं, तर घटलेल्या वजनातला साधारण चौथा भाग स्नायू आणि तत्सम ऊतींचा असतो. वजन उचलण्याचा, जोर-बैठकांचा व्यायाम हे नुकसान बरंच रोखतो. मात्र 'स्नायू वाढवा, ते बसल्या जागी चरबी जाळतील' या जाहिरातीवर जाऊ नका. एक किलो स्नायू विश्रांतीत दिवसाला तेराएक कॅलरी जाळतो. म्हणजे धड एक घाससुद्धा नाही. स्नायू हवेत ते म्हातारपणी खुर्चीतून हात न टेकता उठण्यासाठी.

पोटाच्या आत, आतड्यांभोवती साठणारी चरबी सर्वांत उपद्रवी, आणि नियमित व्यायामानं ती काटा ढिम्म असतानाही घटू शकते. म्हणून घरात शिंप्याकडे असते तशी एक टेप ठेवा. महिन्यातून एकदा, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता कंबर मोजा. (पोटाचे व्यायाम केल्यानं पोटाचीच चरबी जाते, असं मात्र नाही. शरीर कुठून काढायचं ते आपल्याला विचारत नाही.) जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते. मध्यम म्हणजे, चालताना बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही.

इन्शुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, तर खाणं आणि व्यायाम बदलण्याआधी डॉक्टरांशी बोला, कारण साखर एकदम खाली जाऊ शकते. आणि आहार तोच, व्यायाम नाही, तरी वजन आपोआप उतरत चाललं असेल, तर खूश होऊ नका. त्याच आठवड्यात तपासून घ्या.

नमस्कार.