तीच फ्रेम की दुसरी?

मंडळी, रेंडर (आफ्टर इफेक्ट्ससारख्या सॉफ्टवेअरमधून बाहेर काढलेला तयार व्हिडिओ) करप्ट झाला म्हणून कोणी फोन केला की मी आधी एवढंच विचारतो: पुन्हा रेंडर लावल्यावर बिघाड त्याच फ्रेमवर येतो की दुसऱ्या? बहुतेकांनी हे पाहिलेलंच नसतं. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलेलं असतं, विंडोजसुद्धा नव्याने टाकून झालेलं असतं. पण फ्रेमचा नंबर कोणी टिपून ठेवलेला नसतो.

बिघाड दरवेळी त्याच फ्रेमवर येत असेल, तर दोष बहुधा प्रोजेक्टमध्ये आहे: एखादं फुटेज, एखादा इफेक्ट, एखादं प्लगइन. दरवेळी जागा बदलत असेल, तर संशय मशीनवर: ग्राफिक्स कार्ड, ड्रायव्हर, रॅम, डिस्क. आणि हे दोन्ही करण्याआधी तीच फाईल दुसऱ्या प्लेयरमध्ये उघडून बघा. फाईल धडधाकट आणि प्लेयरच अडखळतोय, असंही पुष्कळदा निघतं.

बिघडलेल्या व्हिडिओत दिसणाऱ्या हिरव्या पट्ट्यांबद्दल सगळेच विचारतात. हिरवाच का, काळा का नाही? व्हिडिओत रंग सहसा लाल-हिरवा-निळा असे साठवत नाहीत. प्रकाश एका आकड्यात आणि रंगछटा दोन आकड्यांत ठेवतात. आठ बिटमध्ये रंगछटेचा 'रंग नाही' हा आकडा 128 असतो, शून्य नव्हे. डीकोडरला, म्हणजे फाईल उलगडून चित्र बनवणाऱ्या भागाला, माहिती मिळाली नाही आणि तिन्ही जागी शून्यच राहिलं, की गणितात लाल आणि निळा उणे जातात, म्हणजे शून्यावर थांबतात, आणि हिरवा तेवढा उरतो. तेव्हा सपाट हिरवा दिसला की बहुधा तिथे चित्राचा डेटाच पोचलेला नाही. शोध फाईल लिहिण्या-वाचण्याच्या बाजूला करा. रंगाच्या सेटिंगशी खेळत बसू नका.

जागा बदलणारा बिघाड असेल, तर आफ्टर इफेक्ट्समध्ये प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये जाऊन जीपीयूऐवजी (म्हणजे ग्राफिक्स कार्डाऐवजी) 'सॉफ्टवेअर ओन्ली' निवडा आणि तेवढाच तुकडा पुन्हा काढा. बिघाड गेला तर कार्ड किंवा त्याचा ड्रायव्हर सापडला. कार्डावर किती ओझं पडतं याचा हिशोब करून बघा: 3840 बाय 2160 ची एक फ्रेम, चार चॅनल, प्रत्येकी 32 बिट, म्हणजे सुमारे 133 एमबी. एका फ्रेमसाठी! कॉम्पमध्ये (लेयर रचून केलेल्या कॉम्पोझिशनमध्ये) असे दहा लेयर आणि वर ब्लर असेल तर सहा जीबीचं कार्डही धापा टाकू शकतं. शिवाय कार्डाने साधारण दोन सेकंद उत्तर दिलं नाही, तर विंडोज ड्रायव्हर परस्पर रीसेट करतं. 2021 च्या अखेरीस आलेलं मल्टी-फ्रेम रेंडरिंगही (एकाच वेळी अनेक फ्रेम काढणं) एकदा बंद करून बघा. जुन्या प्लगइनांना ते नेहमी मानवतंच असं नाही. कॅशे पर्ज करणं, म्हणजे सॉफ्टवेअरने तात्पुरतं साठवलेलं पुसणं, सगळ्यांना माहीत आहे, ते करा, पुढे चला.

फ्रेम तीच असेल तर लेयर अर्धे बंद करा. बिघाड राहिला तर उरलेल्यातले अर्धे. 64 लेयरमधला एक दोषी असेल तर तो सहा वेळांत हाती लागतो. मोबाईलवरचं फुटेज असेल तर आधी त्याच्यावरच संशय घ्या. मोबाईल अनेकदा फ्रेमरेट कमीजास्त करत शूट करतो, मग फ्रेम दुबार येतात, आवाज सरकतो. हँडब्रेक या व्हिडिओ कन्व्हर्टरमधून स्थिर फ्रेमरेट करून घ्या आणि मगच टाइमलाइनवर टाका.

आपल्या मराठीवाल्यांची एक खास तक्रार: 'रेंडरमध्ये टायटल तुटलं.' जोडाक्षरं सुटी पडली, वेलांटी भलत्याच अक्षरावर. हा रेंडरचा दोष नाही. जुन्या आवृत्त्यांत टेक्स्ट इंजिन लॅटिनवर, म्हणजे इंग्रजीसारख्या लिपीवर, असतं, किंवा दुसऱ्या मशीनवर तो फॉन्टच नसतो. त्यासाठी ड्रायव्हर बदलून काय होणार?

आता मूळ दुखणं. पन्नास मिनिटांचा रेंडर आपण सरळ एमपी4 मध्ये लावतो. त्या फाईलमध्ये कुठली फ्रेम कुठे आहे याची अनुक्रमणिका सहसा अगदी शेवटी लिहिली जाते. 98 टक्क्यांवर वीज गेली तर चित्र डिस्कवर पडून असतं, पण प्लेयरला ते वाचता येत नाही. शिवाय एच.264 मध्ये (एमपी4 मध्ये सहसा वापरतात ते कॉम्प्रेशन) बहुतेक फ्रेम आजूबाजूच्या फ्रेमवर टेकलेल्या असतात. एक बिघडली की पुढची कीफ्रेम (स्वतंत्रपणे पूर्ण साठवलेली फ्रेम) येईपर्यंत तिच्यामागून येणारं सगळं फरफटतं.

म्हणून इमेज सीक्वेन्स काढा. पीएनजी, टिफ किंवा ईएक्सआर. प्रत्येक फ्रेम स्वतंत्र फाईल. मशीन बंद पडलं तर 'स्किप एक्झिस्टिंग फाइल्स' टिक करून तिथूनच पुढे. यात एक मेख आहे: बंद पडताना लिहिली जात असलेली फाईल अर्धवट असते, पण सॉफ्टवेअरच्या लेखी ती 'आहे'. फोल्डर साइजप्रमाणे लावा, संशयास्पद लहान किंवा शून्य केबीच्या फाइली उघडून बघा, अर्धवट असतील त्या उडवा आणि मग रेंडर लावा. आवाज वेगळा, वेव्हमध्ये. जागा जास्त खातं, हे खरं. पाच मिनिटांना, 25 च्या फ्रेमरेटने, 7500 फाइली होतात. पण क्लायंटने दहा सेकंदांत बदल सांगितला, तर फक्त 250 फ्रेम पुन्हा काढायच्या, जुन्यांवर टाकायच्या, आणि त्यातून एमपी4 बनवायला चहा होईपर्यंतचा वेळ लागतो.