गेम अडकतोय? आधी लॅग कुठला ते ओळखा

नमस्कार श्रोतेहो.

परीक्षा संपून सुट्ट्या लागल्या, नाशिकचा पारा चाळिशीकडे सरकला, की घरोघरी एक तक्रार सुरू होते: लॅपटॉप लॅग मारतोय. मुलाला वाटतं रॅम वाढवायला हवी, वडिलांना वाटतं इंटरनेटवाला फसवतोय. खर्च करण्याआधी हा लॅग कुठला, ते तपासू या.

लॅग दोन प्रकारचा असतो. चित्रच झटके देत चालत असेल, तर लॅपटॉप कमी पडतोय. चित्र गुळगुळीत आहे, पण समोरचा खेळाडू एका जागेवरून अचानक दुसरीकडे उगवतो, मारलेली गोळी उशिरा लागते, तर दोष नेटचा. खात्री करायची असेल तर नेट बंद करून ऑफलाइन चालणारा एखादा जड गेम लावा. तिथेही चित्र अडखळलं तर राउटरला हातसुद्धा लावू नका.

आता आकडे बघा. विंडोजचं बटण आणि जी एकदम दाबलं की गेम बार उघडतो, त्यात परफॉर्मन्सच्या चौकटीत फ्रेमचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं उमटतात त्याचा, आकडा दिसतो. सेकंदाला 60 फ्रेम म्हणजे एक फ्रेम तयार करायला साधारण 16.7 मिलिसेकंद मिळतात. मधलीच एखादी फ्रेम 60 मिलिसेकंद खाऊन गेली, की सरासरी चांगली दिसूनही डोळ्याला झटका बसतो. त्यामुळे आकडा किती आहे यापेक्षा तो कधी पडतो, हे टिपून ठेवा.

गेम सुरू केल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं झकास आणि मग घसरण, असं असेल तर संशय उष्णतेवर घ्या. बहुतेक प्रोसेसरची कमाल मर्यादा 95 ते 100 अंश सेल्सिअस असते. तिथे पोहोचला की तो जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. हा बिघाड नाही, बचाव आहे. एचडब्ल्यूइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर तापमान आणि वेग दोन्ही दाखवतं. तापमान मर्यादेला टेकलंय आणि त्याच क्षणी वेग कोसळलाय, असं दिसलं की चोर सापडला. पंखा खोलीतलीच हवा आत ओढतो. एप्रिल-मेच्या दुपारी खोलीत 37 अंश असतील आणि डिसेंबरच्या रात्री 18, तर तोच गेम डिसेंबरात सुरळीत चालणार, मेमध्ये अडखळणार.

उपाय फुकटापासून सुरू करा. लॅपटॉप गादीवर, गोधडीवर किंवा मांडीवर ठेवू नका. बहुतेक लॅपटॉप खालून हवा घेतात आणि कापड तेच तोंड बंद करतं. टेबलावर ठेवून मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचलली, तरी तापमान काही अंशांनी उतरतं. पाण्याच्या कूलरचा झोत मात्र थेट लॅपटॉपवर नको, ती हवा दमट असते.

दुसरा फुकट उपाय थोडा आडवळणाचा आहे, पण आमच्या मते सगळ्यात परिणामकारक. कागद-पेन घ्या. कंट्रोल पॅनल, त्यात पॉवर ऑप्शन्स, चेंज प्लॅन सेटिंग्ज, मग ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज. तिथे प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंटखाली मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट 100 असतं, ते 99 करा. एका टक्क्याने काय होणार, असं वाटेल. पण 99 केलं की प्रोसेसरचा टर्बो, म्हणजे वरचा जादा वेग, बंद होतो, आणि उष्णतेचा मोठा वाटा त्या टर्बोचाच असतो. ग्राफिक्सवर भार असलेल्या गेममध्ये फ्रेम फारशा कमी होत नाहीत, उलट स्थिर होतात. कमी झाल्याच तर पुन्हा 100 करा. काही नव्या लॅपटॉपमध्ये ही ओळ लपवलेली असते. तिथे कंपनीच्या सॉफ्टवेअरमधला बॅलन्स्ड मोड वापरून बघा.

त्यानंतर धूळ. शेजारी बांधकाम सुरू असेल तर वर्षभरातच पंख्यामागच्या जाळीवर धुळीचा थर बसतो. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, हवेच्या ब्लोअरने झटके देत धूळ उडवा. पंख्याचं पातं आतून दिसत असेल तर ते काडीने अडवून धरा. हवेच्या जोराने पंखा भलत्या वेगाने फिरला तर त्याचं बेअरिंग खराब होतं. थर्मल पेस्ट, म्हणजे चिपची उष्णता बाहेर नेणारा लेप, दोन-चार वर्षांनी सुकते, पण ती बदलायला लॅपटॉप उघडावा लागतो. वॉरंटी शिल्लक असेल तर कंपनीच्या केंद्रातच जा. नसेल तर कॉलेज रोड किंवा एम. जी. रोडच्या दुकानात देताना एक प्रश्न नक्की विचारा: आत पेस्टऐवजी लिक्विड मेटल, म्हणजे द्रवरूप धातू, आहे का? ते वीजवाहक असतं, बोर्डावर सांडलं तर बोर्ड जातो.

गेम पहिल्या मिनिटापासूनच रडत असेल, तर आधी चार्जर बघा. बॅटरीवर ग्राफिक्स चिपला पूर्ण वीज मिळतच नाही. गेमिंग लॅपटॉपचा मूळ चार्जर बहुधा 150 ते 230 वॉटचा असतो. त्याजागी 65 वॉटचा टाइप-सी चार्जर लावला, तर चार्जिंगचं चिन्ह दिसेल, पण वेग अर्धाही मिळणार नाही. मग सेटिंग्जमध्ये सिस्टीम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे जाऊन त्या गेमसाठी हाय परफॉर्मन्स निवडा. नाहीतर कधीकधी गेम महागड्या ग्राफिक्स चिपऐवजी प्रोसेसरमधल्या साध्या चिपवरच चालत राहतो.

रॅमचं म्हणणं अगदीच चूक नाही. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीखाली दोनपैकी एकच स्लॉट भरलेला दिसला, तर तशीच दुसरी पट्टी लावल्याने दोन्ही मार्गांनी डेटा वाहतो आणि फ्रेम वाढतात. मात्र डीडीआर4 च्या जागी डीडीआर5 बसत नाही.

गेमच्या सेटिंगमध्ये सगळंच लो करू नका. सावल्या, धुकं, प्रतिबिंबं आणि रे ट्रेसिंग, म्हणजे प्रकाशकिरणांचा हिशोब, आधी कमी करा. टेक्स्चरचा, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागावरच्या चित्राचा, संबंध व्हीरॅमशी, म्हणजे ग्राफिक्स कार्डाच्या स्वतःच्या मेमरीशी. 4 जीबीच्या कार्डावर अल्ट्रा टेक्स्चर लावलं की कॅमेरा वळवताना झटके येणारच. डीएलएसएस किंवा एफएसआर, म्हणजे लहान चित्र काढून ते मोठं करणारी सोय, क्वालिटीवर ठेवा, मग फुल एचडीसाठी गेम आतून 1280 गुणिले 720 एवढंच चित्र काढतो. फ्रेमला 60 ची मर्यादा घातली तर उष्णताही उतरते. अपडेटनंतरची पहिली काही मिनिटं अडखळली तर मात्र थांबा, गेम तेव्हा शेडर, म्हणजे चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम, तयार करत असतो.

राहिला नेटचा लॅग. कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि टाइप करा: पिंग, मोकळी जागा, वजा चिन्ह आणि टी, मोकळी जागा, मग तुमच्या राउटरचा पत्ता. तो बहुधा 192.168.1.1 असतो. उत्तर यायला लागलेल्या वेळेचा आकडा एक-दोन मिलिसेकंदांवरून मध्येच शंभरावर उडत असेल, तर दोष घरातल्या वायफायचा. वायफायच्या 5 गिगाहर्ट्झ बँडवर या, किंवा सरळ लॅनची केबल लावा. राउटरपर्यंत ठीक आणि पुढे 8.8.8.8 ला, म्हणजे गुगलच्या सर्व्हरला, पिंग केल्यावर उड्या, तरच नेटवाल्याला फोन करा. गेममध्ये सर्व्हर मुंबई आहे की सिंगापूर, तेही बघा. फायबरमधून प्रकाश मिलिसेकंदाला साधारण 200 किलोमीटर जातो. सिंगापूर सुमारे 4,000 किलोमीटर दूर, म्हणजे जाऊन-येऊन 40 मिलिसेकंद निव्वळ अंतराचेच, आणि ते कुठल्याही प्लॅनने कमी होत नाहीत.

बदल करताना एका वेळी एकच करा, तोच गेम, तीच जागा, वीस मिनिटं खेळा आणि आकडा लिहून ठेवा. एवढं करूनही तापमान 80 च्या आत, चार्जर मूळचा आणि तरी फ्रेम तिशीतच असतील, तर ग्राफिक्स चिप त्या गेमला पुरत नाही. जवळपास सगळ्याच लॅपटॉपमध्ये ती बोर्डावर झाळलेली असते, दुकानात नेऊन बदलून मिळत नाही. नमस्कार.